भुताचा बाजा

"कुलर बंद कर वं जरासा," मी म्हटलं.

"बंद करू? बाहेर त्रेचाळीस आहे," शोभा म्हणाली. "तुमच्या बाजापायी मी उकडून निघू काय?"

"पाच मिनिटं फक्त. त्याची मोटर थरथरून राहिली, तेच बाजात येऊन राहिलं."

तिनं उठून कुलर बंद केला आणि पुन्हा आपल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसली. मी डावा हात बाजाच्या कडीवरून उचलला, उजवा हात दांडीपासून लांब नेला आणि अगदी खालचा सूर लावला. सूर आला, पण सरळ आला नाही. त्यात एक बारीक कंप होता, एकसारखा, मोजून मारल्यासारखा. माझा हात स्थिर होता. कुलर बंद, पंखा बंद. तरी सूर कापतच होता.

"झालं का?" पदरानं गळा पुसत शोभानं विचारलं.

"नाही. कुलरचं काम नाही हे. दुसरंच काही आहे."

"मग लावू नं कुलर?"

मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी घरातल्या एकेका वस्तूकडे संशयानं पाहत राहिलो. ट्यूबलाइट, फ्रिज, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची टाकी. फक्त वस्तूच पाहिल्या.

या बाजाचं खरं नाव थेरेमिन. शंभर वर्षांपूर्वी रशियात निघालेला, विजेवर वाजणाऱ्या वाद्यांतला अगदी पहिल्या पिढीतला. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत मात्र त्याला भुताचा बाजा म्हणतात, आणि त्यात गल्लीचं काही चुकत नाही. याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, फुंकायला भोक नाही. याला हात लावायचाच नाही. उजवीकडे उभी दांडी असते. उजवा हात तिच्याजवळ नेला की सूर चढतो, मागे घेतला की उतरतो. डावीकडे आडवी कडी असते. डावा हात तिच्यावर खाली आणला की आवाज बारीक होत नाहीसा होतो, वर उचलला की मोठा होतो. मधल्या हवेत सगळं गाणं. नाक खाजवलं तरी बेसूर.

ब्याऐंशी साली इतवारीतल्या गोपाळराव रेडिओवाल्यांनी मला एका परदेशी मासिकातला याच्या जोडणीचा नकाशा दाखवला. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवा टेक्निशियन. दोघांनी मिळून भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह काढले आणि आठ महिन्यांत बाजा उभा केला. तो झाडीपट्टीच्या, गावोगाव रात्रभर खेळ करणाऱ्या नाटकवाल्यांच्या कानावर गेला. मग दिवाळी झाली की मी रजा टाकून ब्रह्मपुरी-वडश्याकडे निघायचो. नाटकात भूत आलं की विंगेत मी उभा. मी हवेत हात हलवला की समोर बसलेल्या बाया लेकरांना पोटाशी धरायच्या. नट भुताचं सोंग करायचा, पण घाबरवायचो मी, आणि याचा मला भारी तोरा होता.

या बाजाची एक खोड आहे. जवळ जो कोणी असेल तो त्याला कळतो. माणसाचं अंग त्याच्या दृष्टीनं विजेचाच एक भाग, मग तो वाजवणारा असो की नुसता बसलेला. शोभाची खुर्ची दांडीपासून दीड हातावर, कारण कुलरची हवा तेवढ्याच जागी लागते. म्हणून आमच्या घरी तीस वर्षांचा नेम होता. मी बाजा लावून ठेवायचो, व्हॉल्व्ह तापायला वीस मिनिटं लागायची, तोवर शोभा ड्यूटीवरून येऊन चहा घेऊन बसायची, आणि ती बसली की मग मी सूर जुळवायचो. ती उठली की सूर घसरायचा. "बसली का?" हाच माझा पहिला सूर, असं ती पाहुण्यांना सांगायची.

शोभा मुलांच्या दवाखान्यात सिस्टर. चौतीस वर्षं तिनं एकच काम केलं म्हटलं तरी चालेल. तान्ह्या पोरांच्या हातात शीर शोधायची आणि सलाईनची सुई लावायची. दोन दिवसांचं लेकरू, मनगट अंगठ्याएवढं, शीर दोऱ्याएवढी. तिथं भले भले डॉक्टर मागे सरून म्हणायचे, शोभाताईंना बोलवा. ती बोट फिरवायची, क्षणभर थांबायची आणि एका टोच्यात काम. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

मी शोध चालू ठेवला. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर माझं एक मत पक्कं झालेलं होतं. दोष तारेत असतो, सांध्यात असतो, नाहीतर खिळ्यात. लोक उगाच माणसांना बोल लावतात. मी कंडेन्सर बदलले, सांधे पुन्हा डागले, एक व्हॉल्व्ह बदलला. माझाच हात कापतो की काय म्हणून तळहातावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून पाहिला. कागद हलला नाही. कंप मोजला, तर सेकंदाला पाच. आज पाच, उद्याही पाच. मोटरीचा असता तर जास्त असता, व्होल्टेजचा असता तर कमीजास्त झाला असता. असा सावकाश, न थकणारा कंप मी कुठल्याच यंत्रात ऐकला नव्हता.  

शेवटी ऑटोत घालून बाजा इतवारीला नेला. गोपाळराव आता त्र्याऐंशीचे, दुकान मुलगा बघतो, पण ते गल्ल्यामागे बसलेले असतातच.

"काय गा नत्थू," ते म्हणाले, "भुताले बरं नाही काय?"

बाजा लावला. वीस मिनिटांनी मी खालचा सूर धरला. बाहेर हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानातला ठणठणाट, पण सूर सुतासारखा सरळ. गोपाळरावांनी डोळे मिटून ऐकलं.

"यंत्रात काही नाही बाप्पा," ते म्हणाले. "जे आहे ते तुह्या घरात आहे."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. पण मी टेक्निशियन माणूस. घरात म्हणजे अर्थिंग, असा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी पहाटेच अंगणात तीन फूट खड्डा खणला आणि मीठ-कोळसा टाकून नवी तार पुरली. शोभा दारात उभी राहून पाहत होती.

"मीठ घालून राहिले, तेल बी आणू काय?" ती म्हणाली. "मशीनचं लोणचं घालता जसं."

त्या दिवशी ती ड्यूटीवर गेल्यावर मी बाजा लावला. सूर स्वच्छ. मी एकटाच घरात हसलो. केवढा हुशार, स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. संध्याकाळी ती आली, चहा घेऊन बसली, मी सूर जुळवला, आणि कंप परत आला. सेकंदाला पाच.

या वेळी मी काही न करता उभा राहिलो. हात खाली सोडले. बाजा खालच्या सुरात गुरगुरत होता आणि कापत होता. शोभानं चहाचा कप उचलला. सूर सरळ झाला. तिनं घोट घेतला, कप खाली ठेवला, हात मांडीवर पदराखाली घेतला. तीन-चार सेकंद गेले आणि कंप सुरू झाला.

"शोभा, तो चष्मा दे वं," मी म्हटलं.

तिनं हात लांबवला. सूर सरळ. चष्मा माझ्या हातात देऊन हात मागे घेतला. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. कंप.

मी बाजाचं बटण बंद केलं.

"हात दाखव."

"काहून?"

"दाखव नं."

तिनं पदर बाजूला केला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू ती चिमटीत काही चुरत होती. डाव्या हातानं तिनं मनगट धरलं होतं. मी हे कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं ती दीड हातावर बसत होती आणि मी बाजाकडे पाहत होतो.

"संक्रांतीपासून आहे," ती म्हणाली. "नाव सांगू नका मले त्याचं. चौतीस वर्षं दवाखान्यात काढली. मले माहीत आहे."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. गोळ्या घेऊन राहिली. मटकीच्या डब्यामागं आहेत."

"अन् मले नाही सांगतलं?"

"काय सांगू? तुम्ही पाना-पेचकस घेऊन बसले असते माह्या हाताशी."

मला हसू आलं नाही. भीती वाटली, सरळ भीती. आणि राग आला, तोही स्वतःचाच. कंडेन्सर बदलत बसलो होतो मी.

"अन् ड्यूटी?"

"काम करताना थांबते. सुई धरली की एकदम थांबते, म्हणून तर जाऊन राहिली. अकरा महिने आहेत फक्त. अश्लेषाले सांगू नका, ती पुण्याहून लगेच येईन अन् मले घरी बसवन." अश्लेषा आमची मुलगी. ती खरंच आली असती.

"अन् एखाद्या दिवशी नाही थांबलं तं?"

 शोभा उठली, पर्समधून टोपण लावलेली सुई आणली आणि म्हणाली, "बाजा लावा."

मी लावला. तापला. ती खुर्ची सोडून दांडीसमोर उभी राहिली. डाव्या हातानं हवेत एक इवलंसं मनगट धरलं, उजव्या हातात सुई घेतली आणि दांडीजवळ नेली. सूर वर चढला आणि तिथंच थांबला, सरळ. तीस वर्षांत तिनं माझा बाजा पहिल्यांदा वाजवला होता, आणि खरं सांगतो, मी इतका सरळ सूर कधी धरला नाही.

"पाहा. सरळ आहे नं?"

"सरळ आहे."

"मग रोज मले असंच तपासत जा. ज्या दिवशी हा वाकडा बोलन त्या दिवशी मी सुई ठेवीन. माह्या कानावर माहा भरोसा नाही, मले तो नेहमीच रडल्यासारखा वाटते. तुम्ही ऐका. पन खरं सांगान."

"खरं सांगीन," मी म्हटलं.

तेव्हापासून आमच्या संध्याकाळी बदलल्या. गाणं बंद झालं. ती यायची, हात धुवायची, दांडीसमोर उभी राहायची. मी डोळे मिटायचो. अर्धा मिनिट. "सरळ," मी म्हणायचो, आणि मग आम्ही दोघं चहा प्यायचो. शेजारच्या बायका विचारायच्या, काकाजी, आजकाल एकच सूर काहून काढता? मी म्हणायचो, रियाज आहे. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. बसल्या जागेचा कंप वाढत होता, मला खालच्या सुरात ऐकू येत होतं. पण सुईचा सूर सरळ होता, आणि मी बाकीचं बोलत नव्हतो. विचारलं नव्हतं तिनं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सोमवारी सुईच्या सुरात एक गिरकी आली. केसाएवढी. येऊन गेली.

मी डोळे उघडले. तिनंही ऐकलं होतं.

"आज तीन अॅडमिशन होत्या," ती म्हणाली. "थकली असन."

"हो. थकवा असन," मी म्हटलं.

मंगळवारी दोन गिरक्या आल्या. शोभानं सुईला टोपण नीट बसवलं, पर्समध्ये ठेवलं आणि जेवली नाही. "उद्या एक दिवस पाहू," म्हणाली. त्या वेळी तिचा जो चेहरा झाला तो मला बघवला नाही. अकरातले आता आठ महिने उरले होते. ज्या हाताला अख्खा दवाखाना हाक मारतो तो हात तिच्यापासून काढून घ्यायचा, आणि तो मी काढून घ्यायचा. माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी ती ड्यूटीवर गेली आणि मी बाजा उघडला. दांडीमागच्या कॉइलला एक चिमुकला कंडेन्सर जोडला, शेंगदाण्याएवढा. सूर पुन्हा जुळवला. एवढ्यानं बाजा अर्धा बहिरा झाला. जवळचा हात त्याला कळत होता, पण हाताची थरथर कळत नव्हती. माझ्या तोंडून खोटं निघालं नसतं, म्हणून मी बाजाला खोटं बोलायला लावलं. मनाला सांगितलं, आठ दिवस. तिला जरा विश्रांती मिळेल, डॉक्टर गोळी वाढवतील, मग काढून टाकू. खात्यात मी लोकांच्या अशा तात्पुरत्या जोडण्या उघड्या पाडल्या होत्या आणि वर्षानुवर्षं राहिलेल्या पाहिल्या होत्या.

संध्याकाळी तिनं हात धरला. सूर सरळ.

"सरळ!" मी म्हणायच्या आधी तीच म्हणाली. "थकवाच होता पाहा."

तिनं त्या दिवशी वडाभात केला. मी दोनदा मागून घेतला.

पुढचे तीन आठवडे ती खूश होती. स्वयंपाकघरात गुणगुणायची. मी बाहेरच्या खोलीत बसून गुणगुणण्यामागचे आवाज ऐकायचो. डब्याच्या झाकणाचा खडखडाट. लायटर दोनदा-तीनदा निसटल्याचा. कपबशीची टिणटिण, दारापर्यंत येणारी. ती टिणटिण ऐकू आली की मी उठून दारातच कप हातात घ्यायचो. "किती लाड हो माहे," ती म्हणायची. रोज सकाळी ती पांढरी साडी नेसून निघाली की मला वाटायचं, आज सांगावं. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत वाटायचं.

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी ती सातऐवजी चारला आली. मी बाजासुद्धा लावला नव्हता. चपला न काढता ती खुर्चीत बसली.

"दोन वर्षांचं पोरगं होतं," ती म्हणाली. "गौरांग. मनीषनगरचं. उलट्या-हगवण, पार सुकून गेलं होतं. पहिल्यांदा शीर सुटली. मले वाटलं त्यानं हात ओढला. दुसऱ्यांदा सुटली. तिसऱ्यांदा लागली, मी पट्टी बांधली, अन् सलाईन चालू केलं. सुई शिरेच्या बाहेर होती. पानी सारं मांसात गेलं. हात एवढा सुजला त्याचा. ते रडून राहिलं अन् मी त्याच्या आईले सांगून राहिली, रडतेच लेकरू, होते असं. मले कळलंच नाही. मले! आता ठीक आहे ते. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या हाताले लावली."

मी बाजाकडे पाहिलं.

"काल बाजा सरळ होता नं?" तिनं विचारलं. "तुम्ही ऐकलं नं नीट?"

मी तिला सगळं सांगितलं. कॉइल, कंडेन्सर, बुधवार.  तिनं एकदाही मला अडवलं नाही.

"ते काढा," एवढंच म्हणाली.

मी बाजा उघडला आणि तो शेंगदाणा कापून काढला. मग वीस मिनिटं आम्ही व्हॉल्व्ह तापायची वाट पाहिली, एकमेकांकडे न पाहता. ती दांडीसमोर उभी राहिली, हवेतलं मनगट धरलं, सुई नेली. बाजा असा कापला की झाडीपट्टीत भूत येतानासुद्धा मी तो तसा वाजवला नव्हता. तिनं हात मागे घेतला नाही. एक सुई लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती तो आवाज ऐकत उभी राहिली.

"बंद करा," ती म्हणाली. मग खाली बसून चपला काढल्या. "चौतीस वर्षांत मी कोन्या लेकराले 'दुखणार नाही' म्हणून नाही सुई लावली. 'दुखन थोडंसं' असं सांगूनच लावली. अन् तुम्ही मले सांगतलं, दुखणार नाही म्हणून."

"तुह्यासाठीच केलं शोभा," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच जास्त वाईट वाटून राहिलं."

सकाळी तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन केला. आजपासून मी सुई धरणार नाही, कारण असं असं आहे, तुम्ही सांगाल ते दुसरं काम करीन, नाहीतर घरी बसीन. तिकडून ते बराच वेळ बोलत होते. ती नुसतं "हाव सर, हाव सर" म्हणत होती. पोरगं आज घरी जाणार असल्याचंही तिला त्यांच्याकडूनच कळलं.

रविवारी आम्ही मनीषनगरला गेलो. मी येऊ नये असं तिला वाटत होतं बहुतेक, पण तिनं तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. दार पोराच्या आईनं उघडलं. रितिका नाव तिचं, बँकेत नोकरी करणारी. तिनं शोभाला साडीमुळे नाही, चेहऱ्यावरून ओळखलं आणि गोंधळून गेली.

"या नं सिस्टर, या. काहून उभ्या राहिल्या?"

"मी बसत नाही," शोभा म्हणाली. "माह्या हाताले कंपाची बिमारी आहे. मले माहीत होतं अन् तरी मी सुई धरली. तुमच्या लेकराचा काही दोष नव्हता. तुम्ही त्याले रागावल्या होत्या नं, हात हलवतो म्हणून. त्यानं नव्हता हलवला. तेवढं सांगाले आली."

 "जाऊ द्या नं ताई," रितिका म्हणाली, "आता बरा आहे तो. होते कधीकधी."

तेवढ्यात आतून गौरांग खेळण्यातली गाडी ओढत आला. डाव्या हाताची सूज उतरली होती, पण मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा-जांभळा डाग होता. त्यानं शोभाकडे पाहिलं. गाडी सोडली, दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. रडला नाही. नुसता पाहत राहिला, ही बाई आता काय करते ते.

शोभानंही आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"पाह्य बाबू," ती म्हणाली, "मी नाही लावत सुई. माह्याजवळ काहीच नाही."

दोघं तशीच उभी राहिली, समोरासमोर. मी दारात, तिच्या मागे उभा होतो. पाठीमागे धरलेला तिचा उजवा हात कापत होता, आणि डाव्या हातानं तो धरायचा तिनं प्रयत्न केला नाही.